विद्यार्थी लघुपट महोत्सव : निवडीची पूर्वयोजना

शाळांतून लघुपट तयार करणे ही आता नवलाईची बाब राहिलेली नाही. शिक्षकाच्या किंवा पालकाच्या हातातील मोबाईलवर चित्रण होते, त्यावरच जोडकाम होते, आणि परिसर अभ्यासाच्या तासाला सुरू झालेली गोष्ट चार-पाच मिनिटांच्या चित्रपटात उतरते. साहजिकच अशा लघुपटांचा तालुक्याचा किंवा जिल्ह्याचा महोत्सव भरवावा अशी कल्पना पुढे येते. कल्पना पुढे आली की मंडप, पाहुणे आणि सन्मानचिन्हे यांची चर्चा प्रथम होते. आलेल्या लघुपटांतून कोणते दाखवावयाचे हा प्रश्न मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलला जातो. मग दोन-तीन जाणकार मंडळी एका दुपारी बसतात, प्रत्येक लघुपटाचा पहिला मिनिट पाहतात आणि यादी तयार होते.

ही रीत घाईची आहे एवढाच तिचा दोष नव्हे. निवड त्या दुपारी झाली असे सर्वांस वाटते. वस्तुतः तिचा मोठा भाग त्यापूर्वीच उरकलेला असतो. पत्रकात घातलेली अखेरची तारीख काही मुलांना वगळते. लघुपट पाठविण्याची पद्धत आणखी काहींना वगळते. गुणपत्रकाचे रकाने उरलेल्यांपैकी कोण वर येणार हे ठरवून टाकतात. या तिन्ही गोष्टी कोणी विचारपूर्वक ठरविलेल्या नसतात, गतवर्षीच्या एखाद्या वक्तृत्व स्पर्धेच्या पत्रकावरून त्या उतरवून घेतलेल्या असतात. म्हणून निवडीची योजना पत्रक निघण्यापूर्वी, जून महिन्यातच, कागदावर उतरलेली असावयास हवी.

आपल्याकडे चित्रपटांच्या निवडीची परंपरा लहान नाही. 1954 साली राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचा आरंभ झाला तेव्हा राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक आचार्य अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या 1953 च्या मराठी चित्रपटास मिळाले. देशभरातून येणारे चित्रपट एकाच मंडळाने पाहणे शक्य नसल्याने या पुरस्कारांसाठी आता दोन पायऱ्यांची व्यवस्था आहे. प्रादेशिक मंडळे आधी पाहून शिफारस करतात आणि केंद्रीय मंडळ अंतिम निर्णय देते. या व्यवस्थेत एक बारीक पण मोलाची तरतूद आहे. प्रादेशिक मंडळाने वर न पाठविलेला चित्रपटही केंद्रीय मंडळास मागवून घेऊन पाहता येतो. पहिल्या चाळणीतून काही चांगले गळून पडणारच, हे या तरतुदीत गृहीत धरलेले आहे. जिल्ह्याच्या महोत्सवाने त्या व्यवस्थेतून काही घ्यावयाचे असेल तर ते हे होय.

वेळापत्रक कोणाचे?

बीड जिल्ह्यापुरते बोलावयाचे तर वेळापत्रक हाच पहिला परीक्षक आहे. येथील हजारो कुटुंबे दरवर्षी ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेतलेल्या टोळ्यांची बांधाबांध सुरू होते, दिवाळीच्या आगेमागे गाड्या निघतात आणि परतीची वाट मार्च-एप्रिलमध्ये धरली जाते. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील गावांतून तर या काळात म्हातारी माणसे आणि मुले तेवढी मागे राहतात. काही मुले हंगामी वसतिगृहाच्या आधाराने गावी राहतात, काही आईबापांबरोबर फडावर जाऊन कोपीत राहतात.

आता बहुतेक स्नेहसंमेलने, प्रदर्शने व स्पर्धा डिसेंबर-जानेवारीत होतात, म्हणून लघुपट महोत्सवही तेव्हाच ठेवावा असे सुचविले जाते. हवा चांगली असते, पहिले सत्र संपलेले असते, सोयीचे सर्व काही असते. परंतु डिसेंबरची अखेरची तारीख म्हणजे कोयत्यावर गेलेल्या कुटुंबातील मुलाला दिलेला नकारच होय. त्या मुलाचे नाव हजेरीपटावर असते, पण तो वर्गात नसतो. आणि लघुपट पाहणाऱ्या मंडळींपुढे त्याचा लघुपट येतच नसल्यामुळे आपण कोणास वगळले याची जाणीवही त्यांना होत नाही.

यासाठी तारखा इंग्रजी महिन्यांवरून न ठरविता दसऱ्यापासून उलट मोजाव्यात. 2025 साली दसरा 2 ऑक्टोबरला आला. 2026 साली अधिक ज्येष्ठ मासामुळे तो 20 ऑक्टोबरला येतो. हा अडीच आठवड्यांचा फरक निश्चित तारखांच्या पत्रकात हरवतो. दसऱ्यापूर्वी सहा आठवडे लघुपट स्वीकारण्याची मुदत संपावी, चार आठवडे आधी प्राथमिक निवड पूर्ण व्हावी आणि पंधरा दिवस आधी महोत्सव पार पडावा. जूनच्या मध्यास शाळा उघडतात. दसरा लवकर येणाऱ्या वर्षीही मुलांच्या हाती नऊ आठवडे राहतात, आणि चार-पाच मिनिटांच्या लघुपटास ते पुरेसे आहेत. पावसाचे दिवस असल्याने चित्रणाचा एखादा दिवस बुडेल, ही अडचण खरी. तथापि ओलाचिंब डोंगर, भरलेली बिंदुसरा, पोळ्याची शिंगे रंगविणारी घरे हेही याच दिवसांत दिसते. उन्हाळ्यात चित्रणासाठी असे काय मिळणार आहे?

पाठविण्याच्या रीतीविषयी थोडक्यात सांगता येईल. व्हॉट्सअॅपवरून पाठविलेला लघुपट आकाराने आकसतो आणि चित्र धूसर होते. मग त्याच धूसरपणाबद्दल गुण कापले जातात. चांगली जोडणी असलेल्या गावाचा लघुपट स्वच्छ आणि डोंगरावरील वस्तीचा धूसर, असा भेद त्यातून निर्माण होतो. मूळ फाईल केंद्रप्रमुखाने केंद्रसंमेलनाच्या दिवशी पेनड्राइव्हवर घ्यावी. पाच मिनिटांच्या लघुपटास सरासरी अर्धा जीबी जागा धरली तरी दीडशेहून अधिक लघुपट 128 जीबीच्या एका पेनड्राइव्हवर मावतात. सर्व लघुपट एकाच आकाराच्या पडद्यावर पाहावेत. काही मोबाईलवर आणि काही दूरदर्शन संचावर असे पाहू नयेत.

गुणपत्रकाची परीक्षा

प्रचलित गुणपत्रक साधारणतः असे असते : चित्रण व जोडकाम यांस 30, आवाजास 20, अभिनयास 20, विषयास 20 आणि संदेशास 10. शंभराची बेरीज नीट जुळते म्हणून ते कोणास खटकत नाही. ते खटकावे यासाठी दोन कल्पित लघुपट त्यावर घासून पाहू.

पहिला लघुपट स्वच्छतेवर आहे. आरंभी शाळेचे नाव झळकते, ड्रोनमधून गाव दिसते, एक मुलगा केळीची साल टाकतो, दुसरा त्याला थांबवून भाषण करतो, मागे परिचित गीताची धून वाजते, शेवटी सर्व मुले हात धुतात आणि घोषवाक्य येते. चित्र स्थिर आहे, आवाज स्पष्ट आहे. दुसरा लघुपट सहावीतील एका मुलीने केला आहे. गेल्या हंगामात आईवडील तोडीला गेले असताना ती आजीपाशी राहिली होती. आता पावसाळ्यात ती आजीला ते दिवस विचारते आहे. आजी शेळीला पाला घालता घालता उत्तरे देते. मध्येच वारा येतो आणि दोन वाक्ये ऐकू येत नाहीत. मोबाईल उभा धरला आहे, हात हलतो आहे. आजी भिंतीवरच्या जुन्या दिनदर्शिकेपाशी जाते आणि आईच्या फोनच्या दिवशी केलेल्या खुणा दाखवते. मुलगी विचारते, “मग ही खूण का नाही?” आजी काही बोलत नाही, शेळीकडे जाते. लघुपट तेथे संपतो.

वरील गुणपत्रकानुसार पहिल्यास 78 आणि दुसऱ्यास 40 गुण देणारा परीक्षक अन्याय करीत नाही. तो रकाने प्रामाणिकपणे भरीत आहे. दुसऱ्या लघुपटात अभिनय नाही, संदेश नाही, चित्रण कच्चे आहे. आणि तरीही मुलांच्या महोत्सवात दाखविण्याजोगा लघुपट दुसराच आहे, हे दोन्ही पाहणाऱ्या कोणाही शिक्षकाच्या लक्षात आल्यावाचून राहणार नाही. पहिल्या लघुपटात मुलांनी काहीही पाहिलेले नाही. मोठ्यांनी सांगितलेले त्यांनी करून दाखविले आहे. दुसऱ्यात एका मुलीने आपल्या घरातील मौन ओळखले आहे.

म्हणून प्राथमिक फेरीस गुण असूच नयेत. पाहणाऱ्याने तीन प्रश्नांची उत्तरे एकेका ओळीत लिहावीत. या लघुपटात मुलाने स्वतः काय पाहिले आहे? ते आपणांस कळण्याइतके दिसले व ऐकू आले का? हा लघुपट इतर मुलांना दाखविला तर ती त्यावर काय बोलतील? यानंतर ‘घ्यावा’, ‘पुन्हा पाहावा’, ‘घेऊ नये’ यांपैकी एक शेरा द्यावा. तंत्राचा विचार दुसऱ्या प्रश्नात येतो आणि तेवढाच पुरे. आवाज मुळीच कळत नसेल तर शाळेस आठ दिवसांची मुदत देऊन तेवढा भाग दुरुस्त करून मागवावा. मोबाईल उभा धरला होता, नावांची पाटी चुकली होती, एवढ्यावरून कोणताही लघुपट बाहेर काढू नये.

तंत्राचे अवडंबर माजविण्यापूर्वी दादासाहेब फाळके यांचे स्मरण करावे. 1913 साली ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला, त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी एका कुंडीत वाटाणा पेरून त्याच्या वाढीचे दररोज थोडेथोडे चित्रण केले आणि अंकुराचा वेल होताना दाखविणारी जेमतेम मिनिटभराची फीत तयार केली. त्या फितीत नट नाही, भाषण नाही. पण तीच पाहून त्यांना पुढील उद्योगासाठी भांडवल देणारा माणूस मिळाला. चौथीच्या वर्गात बी रुजविण्याचा प्रयोग असतोच. एखाद्या शाळेने तो असा चित्रित करून पाठविला तर वरील शंभर गुणांच्या पत्रकात अभिनय आणि संदेश मिळून तीस गुण आधीच गेलेले असतील!

पाहणारे किती, वेळ किती

“एवढे लघुपट पूर्ण कोण पाहणार?” हा आक्षेप नेहमी येतो. त्याचे उत्तर हिशेबाने द्यावे. समजा, जिल्ह्यातून 160 लघुपट आले. प्रत्येकाची लांबी पाच मिनिटे आणि टिपण लिहिण्यास पाच मिनिटे, असे दहा मिनिटे धरली तर 1600 मिनिटे होतात. प्रत्येक लघुपट दोघांनी पाहावयाचा आहे. अकरा तालुक्यांतून दोन-दोन शिक्षक घेतले तर अकरा जोड्या होतात आणि प्रत्येक जोडीच्या वाट्यास साधारण पंधरा लघुपट, म्हणजे अडीच तासांचे काम येते. मध्ये चहाची सुट्टी ठेवून ते एका दुपारी पुरे होते. तेव्हा ‘पूर्ण पाहणे अशक्य’ हे म्हणणे टिकत नाही. लांबीची मर्यादा पाच मिनिटे ठेवण्याचे खरे कारणही हेच आहे. मुलांची सांगण्याची रीत अशी असते की पाल्हाळ आधी आणि मुद्द्याची गोष्ट शेवटी; पहिल्या मिनिटावरून निर्णय घेणाऱ्यास आजीच्या दिनदर्शिकेवरची खूण कधीच दिसणार नाही.

कोणत्याही जोडीकडे तिच्या स्वतःच्या तालुक्याचे लघुपट देऊ नयेत. शाळेचे नाव झाकून क्रमांक घातले तरी गाव ओळखू येतेच, त्यामुळे नाव झाकण्यावर विसंबून चालत नाही. आष्टीचे लघुपट अंबाजोगाईकडे आणि परळीचे गेवराईकडे गेले म्हणजे संकोचही राहत नाही आणि संशयही राहत नाही. शिवाय एकाच तालुक्याचा गठ्ठा एका जोडीस न देता मिसळून द्यावा. काम सुरू करण्यापूर्वी सर्व बावीस जणांनी तीन-चार लघुपट एकत्र बसून पाहावेत आणि आपापले शेरे उघड वाचावेत. कोण सढळ आहे आणि कोण कडक आहे हे तेथेच कळते. उत्तरपत्रिकांच्या तपासणीत समन्वयकाची बैठक घेण्याचे प्रयोजन जे असते, तेच येथेही आहे.

प्रत्येक जोडीने अधिकांत अधिक तीन लघुपट वर पाठवावेत. त्यांपैकी दोन एकमताने निवडलेले असावेत आणि तिसरा, ज्यावर दोघांत खटका उडाला तो असावा. ही अट प्रथम विचित्र वाटेल. परंतु दोन माणसांच्या सरासरीत नेहमी मधला, कोणासही न दुखावणारा लघुपट वर येतो. एकास अतिशय आवडलेला आणि दुसऱ्यास मुळीच न रुचलेला मागे पडतो. त्याच्यासाठी वाट राखून ठेवावी लागते. अशा रीतीने 33 लघुपट जिल्हा समितीपुढे येतील. ते पाहण्यास पावणेतीन तास लागतील, उरलेला दिवस चर्चेस मिळेल. समितीने त्यांतून बारा निवडावेत आणि सर्व 160 लघुपटांची टिपणे समोर ठेवून, वाटल्यास मागे राहिलेला एखादा मागवून पाहावा. बारा लघुपटांचा खेळ एका तासाचा होतो. प्रत्येकापूर्वी ते करणाऱ्या मुलास तीन मिनिटे बोलू दिले तरी दीड तासाच्या थोडे पुढे जाते. पाहुण्यांच्या भाषणांसाठी यांतून वेळ काढू नये.

ज्यांच्या बोलीत लघुपट आहे, ती जाणणारा एक तरी माणूस पाहणाऱ्यांत असावा. तांड्यावरील मूल आजोबांशी गोरमाटीत बोलणार, उर्दू माध्यमाच्या शाळेतील मूल दखनीत बोलणार आणि पारधी वस्तीवरील मूल आपल्या बोलीत बोलणार. ‘भाषा अशुद्ध’ हा शेरा निवडीच्या कागदावर कोठेही येता कामा नये. मराठीत चार ओळींचा सारांश शाळेने जोडावा, एवढी अपेक्षा पुरेशी आहे.

हात कोणाचा?

काही लघुपट शिक्षकांनी केलेले असतात आणि त्यांत मुले केवळ वावरतात, हे उघड गुपित आहे. त्यात लाज वाटण्याजोगे काही नाही. उत्साही शिक्षकाने चित्रपट करावा, तो महोत्सवात दाखवावाही. मात्र तो मुलांच्या लघुपटांच्या रांगेत उभा राहिला म्हणजे मुलांचे लघुपट फिके वाटू लागतात. म्हणून प्रवेशपत्रावरच दोन गट असावेत : मुलांनी केलेले आणि शिक्षकांनी मुलांसह केलेले. कोणता लघुपट कोणत्या गटातील याची खातरजमा करण्यास चौकशी समिती नको. केंद्रप्रमुखाने लघुपट स्वीकारताना मुलांना विचारावे, “कोणता भाग दोनदा घ्यावा लागला? का?” ज्याने काम केले आहे ते मूल या प्रश्नावर थांबत नाही. बैल हलला, बाबा हसले, मोबाईलची बॅटरी संपली, असे काहीतरी ते हमखास सांगते.

मोठ्यांच्या आणि विद्यार्थ्यांच्या कामातील अंतर फार आहे असेही समजू नये. शेजारच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, संज्ञापनाचा अभ्यास करीत असताना नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि 58 व्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शकाच्या पहिल्या कथाबाह्य चित्रपटाचा मान त्यास मिळाला. शाळेत जाऊ इच्छिणाऱ्या एका गरीब मुलाची ती गोष्ट आहे.

परीक्षकांत मुलांनाही स्थान असावे. इटलीतील जिफोनी येथे 1971 पासून भरणाऱ्या महोत्सवात मुलेच परीक्षक असतात. बर्लिनच्या महोत्सवातही बालचित्रपटांसाठी मुलांचे स्वतंत्र परीक्षक मंडळ असते, आणि 2014 साली अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’ या मराठी चित्रपटाला त्याच मंडळाने स्फटिक अस्वल दिले. कोकणात बदली झालेल्या आईबरोबर आलेल्या एका मुलाचे एकटेपण बर्लिनच्या मुलांना उमगले! जिल्हा महोत्सवात सातवी-आठवीतील पाच मुलांचे मंडळ नेमून एक पारितोषिक सर्वस्वी त्यांच्या हाती द्यावे. त्यांच्या बैठकीस एक शिक्षक असावा, पण त्याने वेळ पाहण्यापलीकडे काही करू नये.

पारितोषिक द्यावयाचेच का, याविषयी दोन मते आहेत. पुण्याच्या महाराष्ट्रीय कलोपासक या संस्थेने 1963 पासून चालविलेल्या पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत 2022 साली योग्य एकांकिका न आढळल्याने परीक्षकांनी करंडक कोणासच दिला नाही, आणि त्यावर मोठी चर्चा झाली. महाविद्यालयीन नाट्यस्पर्धेस तो कठोरपणा शोभतो की नाही हा वेगळा प्रश्न. प्राथमिक शाळेच्या मुलांना तो लागू करू नये. येथे ‘निवडले जाणे’ हेच पारितोषिक मानावे आणि पहिला, दुसरा, तिसरा असे क्रमांक लावूच नयेत.

पाहणाऱ्यांची जबाबदारी

लघुपटात जी मुले व माणसे दिसतात त्यांची संमती प्रवेशपत्राबरोबर घ्यावी. 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाच्या माहितीसाठी पालकाची संमती आवश्यक ठरविली आहे, आणि चेहरा व आवाज हीही माहितीच होय. पालक निघून जाण्यापूर्वीच ही सही घ्यावी लागते. नंतर ती फोनवरून मिळविणे कठीण. चित्रपटगीतांच्या धुनी वापरू नयेत हेही आरंभीच सांगावे. मुलांनी स्वतः म्हटलेली ओवी, हलगी, पावसाचा आवाज याहून चांगले पार्श्वसंगीत मिळणे कठीणच आहे.

याहून गंभीर बाब दुसरी आहे. मूल जेव्हा आपल्या घराकडे मोबाईल वळवते तेव्हा त्यात काय येईल हे सांगता येत नाही. एखाद्या लघुपटात चौदा वर्षांच्या बहिणीच्या लग्नाची तयारी दिसेल, मारहाणीची खूण दिसेल, शाळा सोडून कामावर जुंपलेला भाऊ दिसेल. अशा वेळी तो लघुपट निवडावा की नाही हा प्रश्न मागे ठेवावा. पाहणाऱ्याने तो महोत्सवात दाखवू नये, इतरांस पाठवू नये, आणि त्याच दिवशी मुख्याध्यापक व गटशिक्षणाधिकारी यांच्या कानावर घालावे. 1098 ही बालकांसाठीची मदतवाहिनी आहे; तिचा उपयोग करण्यास पाहणाऱ्या शिक्षकाने कोणाच्या परवानगीची वाट पाहू नये. त्या मुलाला ‘तुझा लघुपट नाकारला’ असे मात्र कळवू नये. त्याच्याशी वर्गशिक्षकाने बसून बोलावे.

शेवटी, जे 148 लघुपट दाखविले जाणार नाहीत त्यांचे काय? त्या प्रत्येकास दोन वाक्यांचे पत्र जावे. पहिल्या वाक्यात पाहणाऱ्यास काय दिसले ते आणि दुसऱ्यात पुढे काय करून पाहावे ते असावे. ‘प्रयत्न स्तुत्य आहे, पुढील वर्षी अधिक प्रयत्न करावा’ असे पत्र पाठविण्यापेक्षा न पाठविलेले बरे. “विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या काकूंचे हात तुम्ही जवळून दाखविले, ते आम्ही दोघांनी पुन्हा पाहिले. पुढच्या वेळी काकूंना बोलते करा आणि तुम्ही थोडे गप्प राहा” असे पत्र मुलांस कळते. टिपणे आधीच लिहिलेली असल्याने या कामास नवीन वेळ लागत नाही. पत्र मुख्याध्यापकाच्या नावे न धाडता लघुपट करणाऱ्या मुलांच्या नावे धाडावे आणि ते वर्गात वाचले जावे.

निवडलेल्या बारा लघुपटांच्या प्रती प्रत्येक केंद्रास आणि हंगामी वसतिगृहांस द्याव्यात; मागे राहिलेली मुले हिवाळ्यातील लांब संध्याकाळी ते पाहू शकतील. प्रत्येक मुलाच्या लघुपटाची एक प्रत, तो निवडला गेला असो वा नसो, त्याच्या पालकांच्या मोबाईलवर शाळेने घालून द्यावी. हे काम गाडी भरण्याच्या आदल्या दिवसापर्यंत झालेले असावे.